प्रसाद म्हणजे खाणं न्हय

नाव लिहा शेवंती. आडनाव नको, आडनाव लिहिलंत तर माझे दीर उद्या दारात येऊन विचारतील घराण्याची लाज चव्हाट्यावर कशाला मांडलीस म्हणून, आणि आता या वयात त्यांच्याशी भांडायला मला वेळ नाही. माहेर माझं डिचोलीकडलं. बाप लोखंडाच्या खाणीवर मजूर, संध्याकाळी यायचा तो नखापासून केसापर्यंत लाल, आये मागच्या दारी पाणी तापवून उभी असायची. मराठी तिसरी झाले, मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवली, सतराव्या वर्षी लग्न करून पेडण्याला आले. घरवाला मराठी शाळेत शिपाई, घरात सासू, सासरे आधीच गेलेले. मी घरची कोकमाची सोलां, मिरची, खोबरं घेऊन दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसायची. पंचवीस वर्षं बसले, बाई, एकाच जागी, एकाच पोत्यावर. आमच्या गावात कुणाचा आवाज माझ्यापेक्षा मोठा नाही म्हणतात, तो त्या बाजारानं दिलाय.

आता पोटाचं विचारलंत म्हणून सांगते. दुसऱ्या मुलग्याच्या वेळेनंतर सुरू झालं. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, कळ यायची ती पाठीतून खांद्यापर्यंत, आणि मगे ओकारी. गणपतीत, चवथीच्या दिवसांत तर हमखास, खोबऱ्याच्या पातोळ्या खाल्ल्या, नेवऱ्या खाल्ल्या की झालीच सुरू. मी भिंतीला पाठ लावून बसायची, घामानं चोळी भिजायची. सासू चुलीपाशी बसून म्हणायची, पित्त गो तां, आमी काय पोरां काढूक नाय, आमच्या पोटात काय कदी दुखूक नाय, भांडी घासूच्या वेळारच बरी तुझी कळ येता. आणि उपाय काय, तर सोलकढी पी. दाट नारळाच्या रसाची सोलकढी, काचेचा कोप काठोकाठ भरून! मी प्यायची, आणि तासाभरात पुन्हा आडवी. काय सांगू तुम्हाला, ज्या गोष्टीनं दुखायचं तीच मला औषध म्हणून पाजत होते, आणि मी पीत होते, कारण नाही म्हटलं तर म्हणणार नखरे.

तीन वर्षं असं काढलं. मगे एकदा बाजारातनं परत येताना मी स्वतःच म्हापशाला एका डॉक्टरकडे शिरले, कुणाला विचारलं नाही. त्यानं पोट दाबलं, मी ओरडले, तो म्हणाला पित्ताच्या पिशवीत खडा असणार, पण आत बघितल्याशिवाय कापता येत नाही, सोनोग्राफी करून आण. ते मशीन तेव्हा म्हापशाला नवंच आलं होतं, लोक नुसते बघायला जात. सकाळी उपाशी जा म्हणाला, पाणीसुद्धा नको. कशाला उपाशी, ते नाही सांगितलं. हे लक्षात ठेवा बाई, सगळं घोडं तिथं अडलं. कशाला, ते कुणी सांगितलंच नाही.

घरी येऊन सांगितलं. सासूनं पहिला प्रश्न केला, देवीक विचारलंस? आमच्याकडे कौल लावल्याशिवाय काही होत नाही, जमीन घेताना कौल, सोयरीक करताना कौल, विहीर खणताना कौल. गुरव देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो, उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. तर ज्या दिवशी सोनोग्राफी त्याच दिवशी सकाळी कौल ठरला, कारण पहिल्या बसच्या वाटेवरच देऊळ. मी रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे देवीची शपथ घेऊन सांगते. उजवी पाकळी पडली. सासूनं हात जोडले, आणि पदराखालनं डबा काढला. पहाटे उठून तिनं मणगणं केलं होतं नैवेद्याला. मणगणं म्हणजे चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि दोन नारळांचा दाट रस. देवीसमोर ठेवलं, मग गुरवानं पानाचा द्रोण भरून माझ्या हातात दिला.

आता तुम्ही सांगा, तुम्ही फोंड्याच्या, तुमच्या गावात देवळांना तोटा नाही, तुम्ही परत केला असता? प्रसाद म्हणजे खाणं न्हय. प्रसाद पोटात जात नाही, तो अंगाला लागतो, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. एकादशीच्या उपासाला प्रसाद चालतो, सुतकातनं उठल्यावर पहिला प्रसाद चालतो. मी उभ्या उभ्या द्रोण रिकामा केला, बोटं चाटली, आणि बसमध्ये चढले, आणि म्हापशाला त्या काळोख्या खोलीत खाटेवर आडवी पडले.

पोटावर थंडगार काहीतरी चोपडलं, त्यावर तिथला डॉक्टर कसलीशी मूठ फिरवायला लागला, इस्त्री फिरवतात तशी. टीव्हीवर नुसतं धुरकट. काय खाल्लं होतं का, विचारलं त्यानं. मी म्हटलं काय सुद्धा नाही. खोटं न्हय हो बोलले! मला त्या घटकेला देवळातला द्रोण आठवलासुद्धा नाही, खाणं कुठं होतं ते? त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, दोनदा कूस बदलायला लावली, मगे हात पुसले आणि कागद लिहायला सांगितला. बाहेर टायपिंग करणाऱ्या पोरीनं तो कागद पाकिटात घालून दिला. कागदात काय ते डॉक्टरनं सांगितलं नाही, पोरीनं सांगितलं नाही, पाकीट मात्र बोटाला थुंकी लावून नीट चिकटवलं.

कागद इंग्लिशीत. आता ऐका हां. ते दिवस कुठले, तर गोवा राज्य होण्याचे, कोंकणी राजभाषा का मराठी म्हणून माणसं एकमेकांची तोंडं बघत नव्हती. आमच्या घरात तर बोलायलाच नको, घरवाला प्रत्येक मोर्चाला पहिला, घोषणा देऊन देऊन घसा बसलेला, घरी येऊन मलाच गरम पाणी मागायचा गुळण्या करायला. मराठी आमची माय म्हणायचा. माझं काही म्हणणं नाही, माझीपण मायच ती, मी पोथी मराठीतच वाचते, आणि भांडते आमच्या बोलीत, कोंकणी म्हणा नाहीतर काय म्हणा. पण मला सांगा, दोन भाषांसाठी रस्ते अडवले, डोकी फोडली, आणि माझ्या पोटात काय आहे ते लिहिलं तिसऱ्याच भाषेत, आणि त्याबद्दल एका माणसानं एक घोषणा दिली नाही. एक सुद्धा नाही! माझं पोट कुणाची माय नव्हतं.

घरवाल्याला इंग्लिश येत नव्हतं, त्यानं कागद शाळेत हेडमास्तरांना दाखवला. हेडमास्तरांनी वाचलं आणि म्हणाले खडा दिसत नाही असं लिहिलंय, देवी पावली, पेढे आणा. घरवाला नाचत घरी. खडाच नाही म्हटल्यावर मला धाडणाऱ्या डॉक्टरकडे कागद घेऊन परत जातो कोण! सासू म्हणाली, बघ, उजवो कौल दिल्यान तो उगाच न्हय, देवीन खडो नेलो. आणि लगेच पुढचं वाक्य, आता पोट धरून बसलंस तर बघ.

त्या दिवसापासून मी खोटी ठरले. आधी निदान पित्त होतं, आता काहीच नव्हतं, मशीननं सांगितलं होतं. कळ यायची तशी येतच होती, वाढतच होती, पण आता मी भिंतीला टेकले की सासू म्हणायची कागद दाखव गो, कागद काय म्हणता. शेजारणी यायच्या त्यांना सांगायची, मशीनबिशीन सगळां केलां, काय नाय, आळस. घरवाला वाईट नव्हता हो, पण तोसुद्धा म्हणायला लागला, शेवंते, मनातनं काढून टाक. मनातनं! दुखत होतं बरगडीखाली आणि काढायचं मनातनं. मी आडोशाला जाऊन ओकायची, तोंड धुऊन परत यायची आणि हसायची. एक वरीस असं काढलं. मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? दुखण्याचा नाही. मीच मला विचारायला लागले होते, खरंच दुखतंय का गो तुला, का नुसतं वाटतंय. इतकं केलं त्यांनी माझं.

कागद मात्र मी टाकला नाही. डॉक्टरी कागद टाकू नये म्हणतात, म्हणून बाजाराच्या पिशवीत तळाला ठेवलेला, सोलांचे डाग पडलेले त्यावर.

मगे एका शुक्रवारी बाजारात, गिऱ्हाईकाला मिरची मोजून देत होते आणि डोळ्यांसमोर अंधार. मिरचीच्या पोत्यावरच कोसळले. माझ्या बाजूला रोझाबाय बसायची, सुकं मासं विकणारी, शिवोलीची. आमचं पहिल्या दिवसापासूनचं भांडण, तिची सुकी कोळंबी, सुंगटां, माझ्या खोबऱ्याला वास लावायची म्हणून. तिनं माझ्या तोंडावर पाणी मारलं, अंगाला हात लावला तर ताप. ती म्हणाली, शेवंती, हें पित्त न्हय, म्हज्या भयणीक अशेंच जाल्लें, चल. तिनं तिची मासळी तशीच कुणाच्या तरी स्वाधीन केली आणि मला घेऊन पणजीला, सरकारी इस्पितळात. भरल्या बाजाराच्या दिवशी, बाई. माझ्या घरचं माणूस न्हय, जातीचं न्हय, धर्माचं न्हय. तिनं मला विचारलंसुद्धा नाही खरंच दुखतंय का म्हणून.

तिथला डॉक्टर तरुण होता, मडगावकडचा. रोझाबायनं माझी पिशवी उलटी केली, कागद सापडला, त्यानं वाचला, आणि मला विचारलं, मावशी, मगे परत केली नाय सोनोग्राफी? मी म्हटलं परत कशाला, खडा नाही लिहिलंय ना. मगे बोट ठेवून त्यानं वाचून दाखवलं, एक एक शब्द मला समजेल असा. पहिली ओळ, खडा दिसत नाही. आणि त्याच्याच खाली दुसरी ओळ, पित्ताची पिशवी आकसलेली आहे, पेशंटचं पोट रिकामं नसावं, उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी.

मी रडले नाही. मला इतका संताप आला की मी त्या खाटेवर उठून बसले तापात. एक वरीस! एक वरीस माझं उत्तर माझ्याच पिशवीत, सोलांच्या खाली, आणि मी ते खांद्यावर घेऊन दर शुक्रवारी म्हापशाला जात होते, येत होते, आणि घरी खोटारडी म्हणून वावरत होते. डॉक्टरनं मला समजावलं, पित्ताची ती एक छोटी पिशवी असते, आपण काही खाल्लं, त्यातून तूप-नारळ असलं, की ती आवळून सगळं पित्त बाहेर टाकते, मग मशीनला ती धड दिसत नाही, आत खडे असले तरी लपतात. उपाशी राहिलं की ती भरून फुगते, खडे सरळ दिसतात, किती आहेत, कुठं अडकलेत, आणि ते कळल्याशिवाय सर्जननं सुरी धरायची नाही. एवढंच. इतकं सोपं! हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी देवीला हात जोडून म्हटलं असतं, आई, संध्याकाळी खाते. तेव्हा कुठं मला तो द्रोण आठवला.

सुया टोचल्या, ताप उतरवला, घरी सोडली, आणि पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीचा दिवस दिला. त्या दिवशी सकाळी मी निघाले तर दारात सासू उभी. देवळात जाऊन आली होती. हातात केळीच्या पानावर प्रसाद, खोबरं आणि गूळ. खा आनी जा, म्हणाली. मी म्हटलं आये, परत आल्यावर खाते. ती म्हणाली देवीक परतयता? मी म्हटलं देवीला परतवत नाही, तिला माहीत आहे माझ्या पोटात काय आहे, माहीत नाही ते तुम्हाला. घरवाला माझ्याबरोबर यायला निघालेला, तो मधे चपला शोधत राहिला. अख्ख्या वाड्यानं ऐकावं असं सासू म्हणाली, प्रसाद नको म्हणणाऱ्या बायलेचां बरां जावचां नाय. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. मी काय नास्तिक आहे? पण मी तो प्रसाद तिच्या हातातनं घेतला, कपाळाला लावला, खिडकीत जनेलावर ठेवला, आणि पायरी उतरले. लग्न झाल्यापासून त्या बाईचा शब्द मी पहिल्यांदा मोडला.

खाटेवर आडवी पडल्यावर मी डॉक्टरला म्हटलं, आधी माझ्या घरवाल्याला आत बोलवा. तो म्हणाला नवऱ्यांना आत घेत नाही. मी म्हटलं मगे मी पोट दाखवत नाही. घेतला. त्या टीव्हीवर पिशवी दिसली, काळी, पेरूएवढी, आणि तळाला पांढरे चार, आणि प्रत्येकाच्या मागे काळी सावली. डॉक्टर म्हणाला ही सावली खड्याचीच. घरवाला वाकून बघत राहिला. मीच म्हटलं, बघ, हे माझं मन. घरी येऊन मी हातपाय धुतले आणि जनेलावरचा प्रसाद खाल्ला. वाळला होता, पण गोड होता.

मगे ऑपरेशन झालं. तेव्हा आतासारखी भोकं पाडून करत नव्हते, वीतभर कापायचे, आठ दिवस इस्पितळात, रोझाबाय दोनदा भेटून गेली, मासळीच्या वासासकट. खडे डॉक्टरनं छोट्या बाटलीत घालून दिले. घरी आल्यावर मी बाटली मेजावर ठेवली, सासूच्या समोर. तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, असले खडे व्हाळात पायलीभर गावतत. आता काय बोलायचं या बाईला!

हेडमास्तरांना मात्र मी सोडलं नाही. टाके सुकल्यावर शाळेत गेले, घरवाला घंटा द्यायला उभा होता तो मला बघून आत पळाला. मी म्हटलं गुरुजी, दुसरी ओळ का वाचली नाहीत? ते म्हणाले अगो, तिथं डॉक्टरांचे शब्द होते, मला वाटलं तसंच काहीतरी लिहितात. म्हटलं समजलं नाही तर समजलं नाही म्हणायचं होतं, तुम्ही पेढे आणा म्हणालात. शिकलेला माणूस, स्वतःला अडाणी म्हणायला लाजला, आणि त्याच्या लाजेपायी मी वरीसभर ओकत राहिले. वर्गातली सगळी पोरं ऐकत होती, ऐकू दे म्हटलं.

आता गावात कुणाला सोनोग्राफीला जायचं असलं की माझ्याकडे येतात. मी विचारते जेवलीस का नाही, विचारते देवळात गेली होतीस का, काय घेतलंस, तीर्थ किती, प्रसाद किती. हसतात मला. हसू दे. डॉक्टरांना पण सांगते मी, खाल्लं का म्हणून विचारू नका, आमच्या माणसांची खाण्याची व्याख्या वेगळी.

झालं, इथंच संपवा म्हटलं असतं, पण सासूचं सांगितलं नाही तर मी अर्धं सांगितलं.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं ती होती. शेवटी शेवटी पेज निम्मी ठेवायची, मासळी नको म्हणायची. मी म्हटलं वय झालं. एक दिवस तिला आंघोळ घालताना डोळे पिवळे दिसले. त्याच आठवड्यात पणजीला नेली, कौल नाही, काही नाही, उपाशी नेली, आणि तिनंही कौल मागितला नाही. मशीनवर डॉक्टरीण होती. पिशवी दगडांनी भरलेली, आणि बाजूला आणखी काहीतरी वाढलेलं, तो दगड नव्हता. डॉक्टरीण म्हणाली आजी, कधीपासून दुखतंय? सासू म्हणाली, दोन वर्सां जाली.

दोन वर्षं. माझ्या घरात, माझ्या समोर, रोज. मी तिथंच ओरडले, आये, सांगितलंत का नाही, जीभ झडली होती का? तिनं पोटावरचं ते थंड पुसलं, लुगडं नीट केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, तुझां मी खरां मानलंय नाय, मगे माझां तू कित्या मानशीत.

तीन महिन्यांत गेली.

मी लोकांना सांगते, मी मानलं असतं, माणूस आहे मी, मी सोसलेलं. तुम्हालाही तेच सांगणार होते. पण तुम्ही लिहिताय, आणि लिहिलेलं राहतं. तर लिहा, पहिल्याच दिवशी ती पोट धरून बसली असती ना, तर मी म्हटलं असतं, आता कळलं कसं दुखतं ते. एवढं तरी म्हटलंच असतं. तिला ते माहीत होतं, म्हणून ती गप्प बसली. लिहा असंच. देव बरें करूं तुमचें.